कोब्रा आहे ना, मग मेडिकेअर कशाला?

प्रश्न: माझे मिस्टर जानेवारी 2025 मध्ये 65 वर्षांचे झाले. तेव्हा ते न्यू जर्सीत नोकरीत होते (कंपनीत दोनेकशे माणसं), विमा कंपनीचाच होता, म्हणून मेडिकेअर (65 नंतरचा सरकारी आरोग्य विमा) घेतलं नाही. 31 ऑक्टोबर 2025 ला ले-ऑफ झाला. तेव्हापासून आम्हा दोघांचं कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा) चालू आहे, महिन्याला 1,900 डॉलर जातात. एचआरने ईमेलमध्ये लिहिलंय की एप्रिल 2027 पर्यंत कव्हरेज आहे, तोवर काही करायची गरज नाही. ह्यांचं म्हणणं, निवृत्तीचं वय 67, तेव्हा कोब्रा संपलं की सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर दोन्ही एकदमच करून टाकू. योजना हाय-डिडक्टिबल आहे (सुरुवातीचा मोठा खर्च आपणच करायचा) आणि एचएसएमध्ये, म्हणजे उपचारांसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, यंदाही पैसे टाकलेत. जानेवारीत ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पैसे विमा कंपनीने दिले. पण मे महिन्यात त्यांच्याकडून एक फॉर्म आला, 'तुम्ही मेडिकेअरला पात्र आहात का?' असं विचारणारा. ह्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. 18 जूनला आम्ही पुण्याला निघतोय, ऑक्टोबरअखेर परत. नणंद म्हणते, वर्षातले चार-पाच महिने भारतात काढणार तर मेडिकेअरचे हप्ते कशाला भरता? मी 62 ची आहे, इथे जेमतेम सहा वर्षं नोकरी केली. माझं काय होणार?

उत्तर:

ताई, पुण्याची तिकिटं बदलू नका, पण विमानात बसण्याआधी ह्यांचा मेडिकेअरचा अर्ज गेलेला असला पाहिजे. तुमच्याकडे 30 जून 2026 पर्यंतच वेळ आहे. तुमच्या पत्रात ही तारीख कुठेच नाही, म्हणून ती सगळ्यात आधी लिहिली.

ती कशी आली ते सांगतो. 65 व्या वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची पहिली मुदत प्रत्येकाला मिळते. ह्यांची ती एप्रिल 2025 ला संपली. ती चुकली म्हणून काही बिघडलं नाही, कारण तेव्हा ते नोकरीत होते आणि वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीचा विमा होता. अशा माणसाला नोकरी किंवा तो विमा, जे आधी संपेल, त्याच्या पुढच्या महिन्यापासून आठ महिने खास मुदत मिळते. नोकरी ऑक्टोबरअखेर सुटली. नोव्हेंबरपासून मोजा, आठवा महिना जून येतो.

घोटाळा होतो तो कोब्रापाशी. कार्ड तेच, डॉक्टर तेच, विमा कंपनी तीच, त्यामुळे माणसाला वाटतं की नोकरीतला विमाच पुढे चालू आहे. कायद्याच्या भाषेत मात्र मेडिकेअर पुढे ढकलायला 'सध्याच्या नोकरीवर आधारलेला' विमा लागतो, आणि कोब्रा हा सुटलेल्या नोकरीचा विमा. कोब्रा अठरा महिने चालो की छत्तीस, आठ महिन्यांचं घड्याळ थांबत नाही. निवृत्तांना काही कंपन्या जो विमा देतात त्याचंही तेच.

एचआरचं वाक्य तसं खोटं नाही. कोब्रा एप्रिल 2027 पर्यंत आहे हे खरंच. 'काही करायची गरज नाही' हे मात्र चूक, आणि तो ईमेल जपून ठेवा, का ते पुढे येईलच.

आता ह्यांच्या बेताप्रमाणे एप्रिल 2027 पर्यंत थांबलात तर काय होईल? ज्यांच्या मुदती हुकल्या त्यांच्यासाठी दर वर्षी 1 जानेवारी ते 31 मार्च अशी सर्वसाधारण नोंदणी असते. एप्रिलमध्ये ती खिडकी नुकतीच बंद झालेली असेल. मग जानेवारी 2028. तेव्हा अर्ज केला तर पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर आणि बाह्योपचारांचा भाग, फेब्रुवारी 2028 पासून सुरू होईल. म्हणजे मे 2027 पासून नऊ महिने, वयाच्या अडुसष्टीकडे जाताना, डॉक्टर, तपासण्या आणि बाह्योपचार यांचं कसलंच छत्र नाही. बाजारातून विमा घ्यायचा म्हटला तर फुकट पार्ट ए (मेडिकेअरचा इस्पितळाचा भाग) मिळू शकणाऱ्याला त्यात सरकारी सूट नाही. शिवाय दंड: उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांना पार्ट बीच्या हप्त्यावर 10 टक्के. तुमच्या हिशोबात ते 20 टक्के होतात. 2026 चा मूळ हप्ता 202.90 डॉलर आहे, म्हणजे आजच्या दराने महिन्याला साधारण 40 डॉलर जास्त, आणि पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर. माझ्याकडे येणारे लोक दंडाचीच चौकशी करतात. मला भीती त्या नऊ महिन्यांची वाटते.

आणि 67 चं काय? गोंधळ ह्यांचा नाही, कायद्याचा आहे. 1965 च्या कायद्याने मेडिकेअर आलं तेव्हा दोन्हीकडे 65 च होतं. पुढे 1983 मध्ये सोशल सिक्युरिटीचं पूर्ण निवृत्तिवय टप्प्याटप्प्याने वाढवलं, 1960 आणि नंतर जन्मलेल्यांना ते 67 झालं. मेडिकेअरला कोणी हात लावला नाही, ते 65 लाच राहिलं. सोशल सिक्युरिटी घेणारा माणूस 65 ला आपोआप मेडिकेअरमध्ये येतो. न घेणाऱ्याला कोणी हाक मारत नाही, त्याचं त्यानेच जायचं.

तेव्हा या आठवड्यात करायचं ते असं. मेडिकेअरची नोंदणीही सोशल सिक्युरिटीचं कार्यालयच करतं, त्यांच्या संकेतस्थळावर ह्यांच्या खात्यातून अर्ज करा, आणि तिथे फक्त मेडिकेअर मागताय, निवृत्तिवेतन नको, हे नीट निवडा. अनेकांची बोटं तिथे घसरतात आणि नको असताना पेन्शन सुरू होऊन बसते. ज्यांच्याकडे पार्ट ए आधीपासून आहे ते पार्ट बीसाठी 40बी नावाचा फॉर्म भरतात. ह्यांच्याकडे पार्ट एही नाही, म्हणून दोन्ही भागांचा अर्ज करायचा आणि सोबत सीएमएस-एल564 हा फॉर्म जोडायचा. त्यात जुनी कंपनी लिहून देते की हा माणूस अमुक तारखेपर्यंत नोकरीत होता आणि तोवर आमचा विमा होता. एचआरला आजच पाठवा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर वाट पाहत बसू नका, कंपनीचा भाग जमेल तसा तुम्हीच भरा, कंपनीच्या सहीची जागा कोरी सोडा आणि पुरावे लावा: विम्याचा हप्ता कापलेला दिसतो त्या पे-स्टब, डब्ल्यू-2 (वर्षाच्या पगाराचा दाखला), विम्याचं कार्ड. शेऱ्याच्या चौकटीत स्पष्ट लिहा की नोकरी सुटल्यानंतरच्या खास मुदतीत पार्ट बी मागतो आहोत, 1 जुलै 2026 पासून. पोचपावती छापून घ्या. सही ह्यांचीच लागेल. नवऱ्याचे सगळे कागद बायकोनेच सांभाळायचे ही आपल्याकडची रीत इथे चालत नाही.

कार्ड घरी येईपर्यंत ह्यांचं कोब्रा बंद करू नका. अर्ज लागला की पार्ट ए सहा महिने मागे जाऊन डिसेंबर 2025 पासून धरलं जाईल. कोब्रा घेतल्यानंतर मेडिकेअर मिळालं तर ह्यांचं कोब्रा कंपनी थांबवू शकते. तुमचं मात्र तुमच्या अठरा महिन्यांपर्यंत चालू राहतं, ह्यांचं गेलं म्हणून तुमचं जात नाही. हप्ता किती राहील ते लेखी विचारा.

हे सहा महिने मागे जाणं एचएसएला नडतं. पार्ट ए असलेल्या महिन्यांत ह्यांना त्या खात्यात पैसे टाकता येत नाहीत. म्हणजे डिसेंबरच्या वाटणीचे आणि यंदाचे सगळे पैसे जादा ठरले. रिटर्नच्या मुदतीत, मुदतवाढ धरून, ते त्यांवरच्या कमाईसकट काढून घेतले तर सुटका आहे, नाहीतर खात्यात असेपर्यंत दर वर्षी 6 टक्के कर. जाण्याआधी सीपीएला (कर सल्लागाराला) एक फोन करा. त्याच फोनवर विचारा की तुमच्या स्वतःच्या नावाने एचएसए उघडता येईल का, कारण तुम्ही मेडिकेअरमध्ये नाही.

आता ड्रॉवरमधला फॉर्म. तो कोऱ्या चौकटींचा, सरकारी दिसणारा, दोन पानी कागद असेल, आणि त्यातल्या एकाच प्रश्नाला वजन आहे. 65 च्या पुढच्या माणसाच्या बाबतीत मेडिकेअर पहिलं पैसे देतं आणि कोब्रा दुसरं, असा क्रम आहे. त्यामुळे बऱ्याच योजनांच्या नियमांत लिहिलेलं असतं की तुम्ही मेडिकेअरला पात्र असून ते घेतलं नसेल तरी आम्ही ते घेतलंय असं धरूनच आमचा वाटा देऊ. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवशी घरी परत जाण्याचं, म्हणजे पार्ट बीचं काम. पार्ट बी मागच्या तारखेने मिळत नाही, आणि मागे जाणारं पार्ट ए इस्पितळात दाखल झालेल्यांसाठी असतं. तेव्हा ते पैसे विमा कंपनीने परत मागितले तर मेडिकेअर मदतीला येणार नाही. हे गोड लागणारं नाही, पण तुम्ही वकिलाला विचारलंत.

म्हणून फॉर्म खरा भरा. 'मेडिकेअर सध्या नाही, अर्ज अमुक तारखेला केला आहे' एवढंच. कारणं, दिलगिरी, एचआरची कहाणी, काही लिहू नका. त्याच वेळी योजनेचा पूर्ण दस्तऐवज लेखी मागा. वसुलीचं पत्र आलं तर हादरून चेक पाठवू नका. खाजगी कंपनीच्या आरोग्य योजनेत दावा नाकारल्यावर अपील करायला किमान 180 दिवस मिळतात, आणि योजनेत 'मेडिकेअर घेतलंय असं धरू' हे वाक्य स्पष्ट नसेल तर तुमची बाजू बरीच मजबूत आहे. पुण्याला असताना इथलं टपाल कोण उघडणार याची सोय मात्र करून जा.

समजा काही कारणाने 30 जून हुकलीच. तेव्हा तो ईमेल कामाला येतो. 2023 पासून असा नियम आहे की नोंदणीबद्दल कंपनीने किंवा विमा योजनेने चुकीची माहिती दिली आणि तिच्यावर विसंबून माणूस थांबला, तर सोशल सिक्युरिटीला कळवल्यापासून सहा महिन्यांची वेगळी मुदत मागता येते, दंडाशिवाय. कव्हरेज अर्जाच्या पुढच्या महिन्यापासूनच, मागचं भरून येत नाही. पण ही पळवाट आहे, रस्ता नव्हे. मंजुरी कारकुनाच्या टेबलावरून येते आणि प्रत्येक टेबल सारखं नसतं.

नणंदबाईंचं अर्धं बरोबर आहे. मेडिकेअर भारतात पैसे देत नाही. रुबी हॉल असो की दीनानाथ, बिल तुमचंच. पण म्हणून पार्ट बी सोडलं तर परत येताना जानेवारीची खिडकी आणि दंड दोन्ही पुढ्यात. मोठं दुखणं निघालं की माणूस मुलाबाळांजवळ इथेच परततो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पुण्यातल्या मुक्कामासाठी वेगळा प्रवास विमा घ्या. मेडिकेअरची शिल्लक भरणाऱ्या मेडिगॅपच्या काही योजनांत, उदाहरणार्थ जीमध्ये, परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे 80 टक्के मिळतात, पण आधी 250 डॉलर तुमचे, प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांतलेच आणि आयुष्यभराची मर्यादा 50,000 डॉलर. तुमचा मुक्काम त्या 60 दिवसांच्या दुपटीहून जास्त.

मेडिगॅपचा विषय निघालाच आहे तर: पार्ट बी 1 जुलैला सुरू झालं की त्या दिवसापासून सहा महिने कुठलीही मेडिगॅप कंपनी तब्येतीचं कारण दाखवून नाकारू शकत नाही. 31 डिसेंबरनंतर ते संरक्षण गेलं. तुम्ही परत येणार ऑक्टोबरअखेर, हातात दोन महिने. त्याऐवजी अॅडव्हांटेज योजना (खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) घ्यायचा विचार असेल तर ध्यानात घ्या की तिच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिल्यास बहुतेक योजना नाव काढतात. औषधांच्या पार्ट डीला वेगळी मुदत आहे. कोब्रातलं औषधांचं कव्हरेज मेडिकेअरच्या तोडीचं आहे का, याची नोटीस कंपनी दर वर्षी पाठवते, ती शोधा. तोडीच्या कव्हरेजशिवाय 63 दिवस गेले की तिथेही दंड सुरू.

हप्त्याबद्दल एक. सोशल सिक्युरिटी दोन वर्षं मागचं उत्पन्न पाहते, 2026 साठी 2024 चं. दोघांचं मिळून 218,000 डॉलरच्या वर असेल तर 202.90 ऐवजी 284.10 किंवा त्याहून जास्त बिल येईल. तसं आलं तर एसएसए-44 फॉर्म भरून सांगा की नोकरी सुटली आणि आता ते उत्पन्न नाही. ते ऐकतात.

आणि तुमचं. मेडिकेअरमध्ये फॅमिली प्लॅन नसतो. ह्यांना मिळालं म्हणून तुम्हाला मिळत नाही. पण तुम्ही 65 च्या झालात की पार्ट ए ह्यांच्या नोकरीच्या जोरावर हप्त्याशिवाय मिळेल. स्वतःची दहा वर्षं भरायची गरज नाही, त्या सहा वर्षांची चिंता सोडा. भारतात केलेली नोकरी मात्र इथे धरत नाहीत. पार्ट बीचा हप्ता तुमचा तुम्हालाच. मधल्या काळाचं म्हणाल तर एप्रिल 2027 ला तुमचं कोब्रा संपेल. तेव्हापासून 60 दिवसांत गेट कव्हर्ड न्यू जर्सीवर (राज्याच्या विमा बाजारावर) स्वतःसाठी विमा घ्या. त्या वेळी भारतात असाल तर साठ दिवस फार पटकन जातात, म्हणून पुढच्या वर्षीची तिकिटं काढताना एप्रिल आणि मे मोकळे ठेवा.