जुनं घर, नवी मानकं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची ठाण्यातली इमारत १९८६ची आहे. तपासणी अहवालात ‘स्लॅबचं कव्हर १५ मिमी, सध्याच्या मानकापेक्षा कमी’ असा शेरा आला आहे. कंत्राटदार म्हणतो, सगळ्या छतांना खालून २० मिमी प्लास्टर चढवू, म्हणजे नियमात बसेल. करावं का?

उत्तर : अजिबात नको. कव्हर म्हणजे सळईवरचं काँक्रीट. प्लास्टर त्यात धरत नाहीत. शिवाय २० मिमी प्लास्टरचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतं. दहा बाय बाराच्या खोलीत तुमच्या डोक्यावर साडेचारशे किलो माल नुसता चिकटून राहणार, आणि जुन्या गुळगुळीत छताला तो फार काळ चिकटत नाही.

तुमची इमारत झाली तेव्हा आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाची १९७८ची आवृत्ती लागू होती आणि तिच्यात स्लॅबला १५ मिमी चालत असे. २०००च्या आवृत्तीने मध्यम परिस्थितीत ३० आणि खाऱ्या हवेच्या थेट माऱ्यात ४५ मिमी मागितलं. आरसीसीसाठी एम-१५ काँक्रीट बाद होऊन त्याहून मजबूत, किमान एम-२० दर्जाचं आलं. पण मानक बदललं म्हणून तेव्हाचं बांधकाम आपोआप बेकायदा ठरत नाही. इमारतीला तीस वर्षं उलटली की संरचना अभियंत्याचा दाखला महापालिकेला द्यावा लागतो, तो भाग वेगळा. त्यात इमारत आज किती भक्कम आहे, हे पाहतात.

तेव्हा खरा प्रश्न गंज सळईपर्यंत पोचलाय का, हा. छताचा थोडा भाग नव्याने फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारायला सांगा. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटमधला अल्कली शाबूत आहे. सळईच्या आसपास रंगच आला नाही, तर तिचं संरक्षण गेलं. छत हातोडीने ठोकून पाहा आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा.

खुणेच्या जागी आधी टेकू द्या, मगच छिन्नी लावा. सळईच्या मागे १५ ते २० मिमी बोट फिरेल इतकी जागा करा आणि दोन्ही टोकांना चकचकीत लोखंड लागेपर्यंत फोडत जा. इथेच बहुतेक कामं फसतात. दिसतो तेवढाच गंज काढून वर माल भरला, की दोन-तीन पावसाळ्यांत नव्या ठिगळाच्या कडेने सळई पुन्हा फुगते. ठिगळात ती सुरक्षित राहते, म्हणून शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये जास्त जोमाने गंजते.

घासल्यावर सळईची जाडी व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मोजा. १० मिमीची ९ मिमी उरली म्हणजे क्षेत्रफळ १९ टक्के घटलं. त्याहून जास्त गेलं असेल तर सोबत नवी सळई हवी. चांगल्या भागावर दोन्हीकडे व्यासाच्या पन्नासपट, म्हणजे ५०० मिमी जोड घ्या. मग गंजरोधक थर, त्यावर बाँडकोट (जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवणारा लेप), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर : ५० किलो सिमेंट, १५० किलो क्वार्ट्झ वाळू, साडेसात ते दहा किलो पॉलिमर. एका वेळी १०-१२ मिमीच. बाँडकोट वाळून काच झाला, तर तो चिकटवायच्या ऐवजी सुटायला मदत करतो. जेवायच्या सुट्टीआधी बाँडकोट लावायला देऊ नका.

प्रश्न : गच्ची गळते. जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालावा का? पुणे, १९७९ची इमारत.

उत्तर : १०० मिमी ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा चौरस मीटरला जवळजवळ २०० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ हे इमारतींवरच्या भाराचं मानक माणसं-सामान मिळून धरतं ते साधारण दीडशे. म्हणजे माणसांसाठी राखलेला सगळा वाव दुसऱ्या कोब्याने खाल्ला, वर पन्नास जास्तच. आणि आधी एकदा कुणी असाच थर टाकला असेल, तर विचारूच नका. एका कोपऱ्यात खड्डा घेऊन थर मोजा.

जुना काढताना ब्रेकर मशिन नको, हातछिन्नीच. आणि राडारोड्याचा ढीग गच्चीवर नको. दोन फुटी ढीग चौरस मीटरला आठ-नऊशे किलो होतो, म्हणजे दीडशेच्या जागी सहापट. रोजच्या रोज खाली उतरवा. नवा उतार १:१०० ठेवा आणि कोबा घालण्याआधीच पाणी ४८ तास साठवून बघा. नंतर कळलेली गळती पुन्हा फोडायला लावते.

प्रश्न : जुन्या दोन तारांच्या (अर्थ नसलेल्या) वायरिंगवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच बसवला, तो सारखा पडतो. काढून टाकू?

उत्तर : काढू नका. तो ३० मिलिअँपिअरची गळती पकडतोय. दोन सर्किटचे न्यूट्रल एखाद्या बोर्डात एकत्र बांधलेले असतात, किंवा थ्री-पिन बसवताना कुणीतरी अर्थच्या खुंटीला न्यूट्रलच जोडलेला असतो. हा दुसरा प्रकार जीवघेणा. न्यूट्रल तुटला की गीझरचं अंगच फेजवर येतं. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा करा आणि अर्थची स्वतंत्र हिरवी तार ओढा. दिव्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिमी तांबं. एमसीबीही लागेलच, कारण जादा भार आरसीसीबी ओळखत नाही.