डीबी स्पेक्ट्रम प्लसला एवाय चिप: आधी पत्ता, मग चिप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या माळ्यावरून डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर खाली आला, टीव्हीला लावल्यावर चक्क सुरूही झाला, पण आवाज म्हणजे नुसती टूंटूं. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम १२८ मॉडेलसारखं तीन सुरांचं संगीत हवंय. मग त्यातली एवाय साउंड चिप बसवायची की कमोडोर ६४ मधली सिड? आणि थेट बोर्डावर सोल्डर केलं तर चालेल का?

डेसिबल्स कंपनीने आपल्याकडे सिंक्लेअरच्या परवान्यावर काढलेलं हे मशीन आतून ४८के स्पेक्ट्रमच आहे. त्यात साउंड चिप नाहीच. पोर्ट (प्रोसेसर ज्या पत्त्यावर बाहेरच्या भागांशी बोलतो तो) २५४ चा एक बिट वरखाली करून स्पीकर हलवायचा, यालाच बीपर म्हणतात, बाकी सगळी मेहनत प्रोसेसरची. त्या एका बिटावर लोकांनी काय काय वाजवलंय ते ऐकून थक्क व्हायला होतं, पण तसं संगीत चालू असताना प्रोसेसरला दुसऱ्या कामासाठी जवळजवळ वेळच उरत नाही. एवायसारख्या चिपचा फायदा इथेच आहे: स्वर एकदा सांगितला की तो आपला आपण वाजत राहतो.

सिडचा नाद सोडा असं माझं स्पष्ट मत. चिप म्हणून तो सरस आहे, त्याच्या फिल्टरला तोड नाही. पण जुन्या ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९, आणि क्लॉक साधारण १ मेगाहर्ट्झचा. हे सगळं जमवता येईल, पण स्पेक्ट्रमवर त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर शोधत बसाल. कुठलाही प्रोग्रॅम चिपला नावाने ओळखत नाही, तो फक्त ठरलेल्या पोर्टवर आकडे टाकतो. त्या पत्त्यावर कोणी नसेल तर चिप कितीही भारी असो, आवाज येणार नाही.

एवायच्या बाबतीतही हाच गोंधळ आहे. त्या काळी एवाय-३-८९१२ हीच चिप वेगवेगळ्या पत्त्यांवर बसवली गेली. फुलर बॉक्समध्ये पोर्ट ६३ आणि ९५, अमेरिकेतल्या टायमेक्स २०६८ मध्ये २४५ आणि २४६, तर सिंक्लेअरच्या १२८ मध्ये ६५५३३ आणि ४९१४९. चेकोस्लोव्हाकियातल्या डिडाक्टिकने ४८के मशीनसाठी मेलोडिक नावाचा डबा काढला, तो १२८ चेच पत्ते धरून. तुम्हीही तेच धरा. बहुतेक संगीत तिथेच लिहिलेलं आहे.

आता एक कटू गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर हिरमोड होईल. १२८ चे बरेच गेम सुरू होताना चिप आहे का हे बघतच नाहीत, मेमरी बघतात. पोर्ट ३२७६५ वर आकडा टाकून मेमरीचं पान बदलतंय का ते तपासायचं, नाही बदललं तर हे ४८के मशीन आहे असं धरून बीपरवाली आवृत्ती चालवायची. म्हणजे एवाय लावूनही ते गेम गप्पच राहणार. ट्रॅकर म्हणजे संगीत रचायच्या प्रोग्रॅममधल्या धून, ४८के अधिक एवाय धरून लिहिलेले डेमो आणि हौशी मंडळींनी दुरुस्त केलेले जुने गेम मात्र छान वाजतील. तुम्हाला गेममधलंच संगीत हवं असेल तर १२८के मेमरीचाही विचार करावा लागेल.

बोर्डावर सोल्डर करू नका. मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डाची बाहेर आलेली पट्ट्यांची कड) प्रोसेसरच्या सगळ्या तारा बाहेर आलेल्या आहेत, छोटा बोर्ड तिथेच लावा. २.५४ मिलिमीटरचा २८ जोड्यांचा कनेक्टर मिळाला नाही तर जुन्या पीसीतला ३१ जोड्यांचा आयएसए स्लॉट कापून चालतो. पण पाचव्या जागेवरची खाच विसरू नका, तिथे अडसर बसवाच. त्या कडेवर ५ व्होल्टच्या शेजारीपाजारी ९, १२ आणि उणे ५ व्होल्टही आहेत. कनेक्टर एक घर सरकला किंवा मशीन चालू असताना हलला, तर ४११६ रॅम आणि तिला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर जायला क्षण लागत नाही. पॉवर काढल्याशिवाय हात लावायचा नाही. नवा अडॅप्टर घेत असाल तर हेही बघा की स्पेक्ट्रमच्या प्लगचं मधलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट.

डिकोडिंग, म्हणजे हाक आपल्या पत्त्याला आहे का हे ओळखणं, सोपं आहे. ॲड्रेसच्या तारांपैकी ए१५ वर १, ए१ वर ० आणि आयओआरक्यू (पोर्टशी बोलतोय हे सांगणारी तार) खाली, एवढं जुळलं की हाक एवायला आहे. ए१४ वर १ असेल तर रजिस्टर (चिपमधला आकड्याचा कप्पा) निवडायचं, ० असेल तर त्यात आकडा लिहायचा. ७४ मालिकेतल्या दोनतीन गेट आयसीत काम भागतं. एवायची बीसी२ पिन सरळ ५ व्होल्टला बांधा. मात्र प्रोसेसरची एम१ ही तार गाळू नका. इंटरप्ट (चालू काम थांबवायची सूचना) स्वीकारताना झेड८० प्रोसेसर एम१ आणि आयओआरक्यू दोन्ही एकाच वेळी खाली आणतो, आणि त्या वेळी ॲड्रेस बसवर असतो प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता. तो नेमका आपल्या साच्यात बसला तर एवायला वाटतं आपल्याला वाचतायत, आणि तो डेटा बसवर बोलून मोकळा होतो. साध्या बेसिकमध्ये काही कळणार नाही. पण संगीत वाजवणारे प्रोग्रॅम बहुतेक इंटरप्ट मोड २ वापरतात, तिथे चुकीचा व्हेक्टर (कुठे उडी मारायची तो आकडा) वाचला जाऊन मशीन कधीतरीच कोलमडतं. असा अधूनमधून येणारा दोष शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

क्लॉक कुठून घ्यायचा यावर बरेच जण फसतात. एज कनेक्टरवर ३.५ मेगाहर्ट्झ आयता दिसतो, त्याला ७४एचसी७४ या आयसीने दोनाने भागलं की १.७५ झालं, असा हिशेब. पण तो प्रोसेसरचा क्लॉक आहे, आणि पडद्याची मेमरी वाचताना यूएलए (चित्र काढणारी चिप) तो मध्येच रोखून धरते. त्यामुळे स्वर स्थिर राहत नाही. शिवाय १२८ मध्ये एवायला १.७७३४ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे १.७५ वर सगळंच साधारण पाव अर्धस्वर उतरलेलं वाजणार. एकटं ऐकताना चालून जाईल, हार्मोनियम घेऊन बसलात तर दात आंबतील. त्यापेक्षा वेगळा ऑसिलेटर लावा. ३.५४६९ चा नाही मिळाला तर ३.५७९५ चा सहज मिळतो. त्याचा निम्मा १.७९, किंचित चढा, पण पक्का.

गेट, बेस, रेझिस्टर असलं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळून जाईल. खुद्द एवाय मात्र बहुधा बाहेरून मागवावी लागेल, आणि तिथे माल बघून घ्या. पाठ घासून नवा छाप मारलेले नग सर्रास येतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला आणि अक्षरं निघून आली तर समजा. यामाहाची वायएम२१४९ चांगला पर्याय आहे. तिच्या २६ व्या पिनेवर निवडीची सोय आहे, ती पिन ग्राउंडला जोडली की चिप क्लॉक स्वतःच निम्मा करते, वेगळा ७४एचसी७४ लागत नाही. ती पिन मोकळी ठेवून ३.५ दिलेत तर सगळं एक सप्तक वर वाजेल.

जोडून झालं की आधी कान नको, डोळे वापरा. बेसिकमध्ये लिहा: आउट ६५५३३,० मग आउट ४९१४९,१२३ मग प्रिंट इन ६५५३३. पडद्यावर १२३ आलं तर पत्ता बरोबर आहे. २५५ किंवा दर वेळी वेगळाच आकडा आला तर स्पीकरच्या वायरी तपासण्यात वेळ घालवू नका, दोष डिकोडिंगमध्ये आहे. मग आवाज: रजिस्टर ७ मध्ये ६२, ० मध्ये २५२, १ मध्ये ०, आणि ८ मध्ये १५. पहिल्या चॅनेलवर ४४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर लागेल. गप्प करायला ८ मध्ये ०.

तिन्ही चॅनेलना प्रत्येकी १ किलोओहम ग्राउंडला द्या आणि कपॅसिटरमधून बाहेर काढा. स्टीरिओ करणार असाल तर मधला चॅनेल बी ठेवणारे आहेत तसे सी ठेवणारेही, म्हणून एक स्विच टाका. बीपरचा आवाज या बोर्डावर आपोआप येत नाही, तो इअर सॉकेटमधून घेऊन रेझिस्टरने मिसळावा लागतो. सुरुवातीला मोनोच करा, १२८ चा टीव्हीतून येणारा आवाजही मोनोच होता.

आणि हे सगळं करण्याआधी मशीनमधला ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर बोट टेकवून बघा. आताच चटका बसत असेल तर एवायचे वरचे पन्नास-पाऊणशे मिलिअँपिअर त्याच्यावर लादण्यापूर्वी तिथे स्विचिंग रेग्युलेटर बसवा आणि जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. तुम्हाला कनेक्टर कुठला मिळाला आणि १२३ दिसलं का ते कळवा, म्हणजे गेटची जोडणी पिनवार लिहून देतो.