१९१९ ते १९४० या काळात खासदारकी नसताना जेनेट रँकिन यांनी नेमकं काय केलं?

अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या या पहिल्या महिला. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध प्रतिनिधीगृहात त्यांच्यासह ५० जणांनी मत दिलं, पण राग निघाला तो मुख्यतः यांच्यावर. १९१८ ला सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या.

पुढची वीस वर्षं त्या घरी बसल्या नाहीत, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. १९१९ ला झुरिकच्या महिला शांतता परिषदेला गेल्या. मग नॅशनल कन्झ्युमर्स लीग या संघटनेसाठी बालमजुरी आणि कामाच्या तासांच्या कायद्यांमागे लागल्या. बाळंतिणी व अर्भकांच्या आरोग्यासाठी सरकारी पैसा देणारा १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा व्हावा म्हणूनही खपल्या.

१९२४ मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात जमीन घेतली. घर साधंच, ना वीज ना नळ. तिथेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून शांततेचं काम सुरू केलं. १९२९ पासून दहा वर्षं युद्धप्रतिबंधक राष्ट्रीय परिषदेतर्फे वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरठे झिजवले.

१९४० ला मोंटाना राज्याने त्यांना परत निवडून दिलं. ८ डिसेंबर १९४१ ला जपानविरुद्धच्या युद्धाला विरोध करणारं सभागृहातलं एकमेव मत त्यांचं होतं: ३८८ विरुद्ध १. बाहेर जमाव इतका खवळला की त्यांना टेलिफोन बूथमध्ये शिरून पोलिसांना बोलवावं लागलं.