वाचकांचे प्रश्न : पद्मिनीला एनसी की पीयू?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे, फिकट निळी. पत्र्याचं काम झालंय. एक पेंटर म्हणतो, जुनी गाडी आहे तर एनसीच (नायट्रोसेल्युलोज, नुसतं थिनर उडून वाळणारा रंग) मारा. दुसरा म्हणतो, पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर हे घट्ट करणारं रसायन मिसळून मारायचा रंग) आणि वर क्लिअर (रंगहीन चमकदार थर). कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी खालचा रंग कोणता आहे ते बघा. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात एनसी थिनरमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा आणि पुसा. निळा रंग कापसावर उतरला तर तो एनसी. रंग सुरकुतला तर बहुधा सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनरचा रंग. एवढ्या वर्षांत दार एकदा, मडगार्ड एकदा असं सुटं रंगकाम झालेलं असतं, म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासा.

एनसी किंवा इनॅमलवर थेट पीयू मारला की त्यातलं थिनर खालच्या थरात शिरतं, थर फुगतो आणि जिथे घासून कडा पातळ केल्या आहेत तिथेच सुरकुत्या उठतात. असा थर सापडला तर पत्र्यापर्यंत उतरवा. रिमूव्हर (जुना रंग सोडवणारं रसायन) सांध्यांत जाऊ देऊ नका. तिथे इंचभर पट्टी सोडून ती हाताने घासा. सांध्यात राहिलेलं रिमूव्हर दोन-तीन महिन्यांनी नव्या रंगाला फोड आणतं.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर पुट्टी, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. पुट्टी कोरडीच घासायची: ८०, १८०, ३२० नंबरच्या पेपरने. ती पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फुगतं. पाणी लावून घासायचा पेपर सरफेसरवर (पुट्टीनंतरचा, रंगाखालचा प्रायमर), ६०० नंबरचा.

आता फिनिश. गाडी उन्हात फिरणार असेल तर पीयूच घ्या, पण क्लिअरशिवाय, स्वतःची चमक असलेला साधा एकथरी रंग. त्या काळच्या साध्या रंगांवर क्लिअर नसे. क्लिअरने काचेसारखी खोली येते आणि जाड थराखाली मागच्या पंखांची रेखीव धार बोथट दिसते. मेटॅलिक असता तर क्लिअर लागलाच असता. दोन ते तीन हात पुरतात, मध्ये १०-१५ मिनिटं. दारांच्या कडा आणि डिकीच्या आतल्या भागासह साडेतीन ते चार लिटर तयार रंग धरा. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच, अंदाजाने कधीच नाही. घाईने हात चढवले की अडकलेलं थिनर वर येताना टाचणीएवढी भोकं पाडतं.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम घरी करू नका.

गाडी गॅरेजातच राहणार असेल तर एनसी सुंदर दिसतो आणि ओरखडा तेवढ्यापुरता दुरुस्त होतो. पाच-सहा पातळ हात, महिनाभर मुरू द्या, मग रबिंग (पेस्टने घासून चमक काढणं). त्याहून जाड केला तर पुढे तडकतो, आणि पेट्रोलच्या झाकणापाशी सांडलेल्या पेट्रोलने डागाळतो.

प्रश्न : ऑगस्टमध्ये एनसी मारला आणि बॉनेटवर दुधाळ झाक आली. रंग खराब निघाला का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : रंग ठीक आहे, हवा दमट होती. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. कोरड्या दिवशी रिटार्डरचा (सावकाश उडणारं थिनर) एक हलका हात फवारा. खालचा थर सैल होतो, पाणी निघून जातं आणि झाक बहुतेक वेळा जाते. राहिली तर ८०० पेपरने घासून पुन्हा रंगवा. थिनरमध्ये रिटार्डर ५ ते १० टक्केच, जास्त टाकला तर रंग आठवडाभर मऊ राहतो. कोकणात पुढचं रंगकाम नोव्हेंबरनंतर, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान काढा, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा.