कुत्र्याला मायक्रोचिप बसवलीये, मग परत लायसन्स कशाला?
नियम असेल तर काढावंच लागतं हो, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, त्यात नुसता १५ आकडी नंबर, जीपीएस वगैरे काही नसतं, स्कॅनर जवळ धरला तरच वाचता येतो आणि चिपच्या रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर तुमचा मोबाईल नंबर जुनाच पडलेला असेल तर तोही काही कामाचा नाही. लायसन्स देतं स्थानिक प्रशासन, आणि बऱ्याच ठिकाणी रेबीजच्या लसीचं चालू सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय देतच नाहीत, खरी गोम तिथे आहे. लायसन्सबरोबर मिळालेला बिल्ला कपाटात ठेवू नका, गळ्यातल्या पट्ट्याला अडकवा. आणि लायसन्स आहे म्हणून कुत्रा मोकळा सोडायची मुभा मिळते असं काही लोकांना उगाच वाटतं, साखळीचा नियम वेगळाच असतो.