सौर पंप आणि ठिबक आल्यावर सोलापूरसारख्या भागात पाण्याचा उपसा खरंच कमी होतो का?

मोहोळ तालुक्यात माझी तीन एकर काळी जमीन आहे, त्या अनुभवावरून सांगतो. एकरी बघितलं तर कमी होतो. शिवाराचं बघितलं तर आमच्याकडं तरी वाढलाय.

उसाला पाटानं पाणी द्यायचो, ते ठिबक आल्यावर जवळपास निम्म्यावर आलं. उरलेल्या पाण्याचं मी काय केलं? दुसऱ्या एकरातही ऊस लावला. तिथं आधी मालदांडी ज्वारी असायची. पाऊस सरता सरता पेरायची, जमिनीतल्या ओलीवर येते, वर बैलांना कडबा. विहिरीकडं तिनं कधी काही मागितलं नाही. आणि हा शहाणपणा मी एकट्यानं केलेला नाही, बांधाला बांध लागून सगळ्यांनी केला. इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1865 सालीच हे कोळशाबद्दल लिहून ठेवलं होतं: वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली आणि कोळशाचा एकूण खप मात्र वाढला.

आता पंपाचं. पूर्वी थ्री फेज वीज आठ तास, तीही पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. बॅटरी घेऊन रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं, सापाची भीती वेगळीच. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला की आठ-आठ दिवस अंधार. तेव्हा शिव्या घातल्या, पण त्या आठ दिवसांत विहीर भरून यायची, हे आत्ता कळतंय. 5 एचपीचा सौर पंप बसवल्यापासून तिला सुट्टीच नाही. ऊन फुकट, बिल शून्य, मग बंद कशाला करायचा? विहिरीला दगडी पायऱ्या आहेत. मार्चअखेर पंधरावी पायरी पाण्याला लागायची, आता अठरावी लागते.

   

धरणाचंही तेच. उजनी 1980 मध्ये झालं, एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. तरी उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला, ही बातमी ठरलेली. कालव्यामागं ऊस आला, उसामागं कारखाने. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 पासून माळढोकसाठी अभयारण्य आहे, पण तो पक्षी उघड्या गवताळ माळावरचा, उसाच्या फडात त्याला जागा नाही. आता सोलरसाठी ‘पडीक’ म्हणून जमिनी शोधतात. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. आमचा माळ कागदावर पडीकच आहे.

म्हणून पंप घेऊ नका असं नाही. रात्रीचं जागरण संपलं, ते मी परत मागणार नाही. पण पाणी ओढायचं नसेल तेव्हा त्याच पॅनलवर कडबाकुट्टी किंवा गिरणी चालेल असा कंट्रोलर मिळतो, तो आधीच विचारून घ्या. मी विचारला नव्हता. यंदा तो बसवतोय, आणि दुसऱ्या एकरातला खोडवा, म्हणजे तोडणीनंतर फुटलेला ऊस, मोडून तिथं परत मालदांडी पेरतोय. घरात यावरून अजून वाद चालू आहे.