‘मला उदक जाय’ ही चूक नव्हे

प्रिय ताई,
आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझं माहेर कोल्हापूरचं, सासरी सगळे कोंकणी बोलतात. लेक पावणेतीन वर्षांची आहे. ती ‘मला उदक जाय’, म्हणजे ‘मला पाणी हवं’, असं धेडगुजरी बोलते. प्ले-स्कूलच्या बाई म्हणाल्या, दोन भाषांचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्रजी बोला. मी तक्ते आणले, रोज संध्याकाळी ‘हे काय? हा रंग कुठला?’ विचारते, तर ती पळून जाते. स्वयंपाकाच्या वेळी मोबाइलवर बडबडगीतं लावून देते. कुठं चुकतंय?
– एक आई

बाळ,
तुझं पत्र वाचताना त्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘मला उदक जाय.’ तुझ्याकडून ‘मला’ घेतलं, आजीकडून ‘उदक’ आणि ‘जाय’. कोणाला, काय आणि ‘हवं’, तिन्ही गोष्टी नेमक्या जागी बसवल्या. दोन भाषांत वाढणारी मुलं अशी सरमिसळ करतातच. तो गोंधळ नसतो, आणि दोन भाषांमुळं बोलणं मागंही पडत नाही. तिचे शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोज.

बाईंचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला अजिबात मानू नकोस. जी भाषा आपल्याला सहज येत नाही ती घरात आणली की बोलणं आटतं. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढ्यावर येतं. रागावणं, लाड करणं, कालची गंमत सांगणं हे तू मराठीतच करशील आणि सासूबाई कोंकणीतच. तेच तिला हवंय. इंग्रजी शाळेत येईल.

आता त्या तक्त्यांबद्दल. उत्तर तुला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे, म्हणून ती पळते. परीक्षा कोणाला आवडते? ती स्वतः कुठं बघतेय ते बघ आणि त्यावर बोल. सासूबाई आदोळी (विळी) घेऊन बांगडे कापायला बसल्या की ती जवळ जाऊन बसत असेल. ‘दोळो!’ म्हणाली तर आजीनं म्हणावं, ‘व्हय, बांगड्याचो दोळो.’ तू म्हण, ‘केवढा गोल डोळा! आणि हे लाल काय दिसतंय?’ मग गप्प बस. मनात पाच आकडे मोज. आपण मोठी माणसं या पाच आकड्यांत फार घाई करतो, मुलाच्या तोंडातला शब्द स्वतःच बोलून टाकतो. तिनं नुसतं बोट दाखवलं तरी ते उत्तर धर. ‘उदक जाय’ म्हणाली की ‘पाणी म्हण’ असं दटावू नकोस. ‘हो, पाणी हवं का? हे घे गार पाणी,’ एवढं पुरे.

माझा मुलगा या वयाचा होता तेव्हा सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकला की दाराकडं धावायचा. पाव किती घ्यायचे, आज उंडे (गोल पाव) आहेत का, गरम आहेत का, हे सगळं आम्ही पायरीवर उभं राहून बोलायचो. पाच पाव मोजून डब्यात टाकणं हे त्याचं पहिलं गणित.

मोबाइलचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एक तासाहून जास्त बसवू नये, कमी तितकं चांगलं. आणि गाणं वाजत राहतं, ते तिच्या उत्तरासाठी थांबत नाही. स्वयंपाक करताना तिला वाटाणे सोलायला दे आणि तूच गा, बेसूर असलं तरी चालेल.

वाचनाचं म्हणजे, झोपताना एकच चित्रांचं पुस्तक दहा दिवस मागितलं तरी कंटाळू नकोस. पानं तिला उलटू दे, गोष्ट तिलाच सांगू दे, मधलं पान गाळलं तरी बिघडत नाही. बाजारात जाताना बसची पाटी दाखव, ‘हा बघ फ, फोंड्याचा फ.’ गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी देवनागरीतलीच आहे, तेव्हा एकदा ओळखलेलं अक्षर तिला आईच्या आणि आजीच्या दोन्ही भाषांत उपयोगी पडेल.

एक मात्र बघ. हाक मारल्यावर ती वळत नसेल, दोन शब्द जोडून बोलतच नसती, किंवा येत असलेले शब्द गळू लागले असते, तर मी म्हटलं असतं, थांबू नकोस, बालरोगतज्ज्ञांना दाखव आणि कानांची तपासणी करून घे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घशाचा विभाग आहे. तुझी लेक तर तीन शब्दांचं वाक्य करते. तरी ऐकण्याबद्दल जराही शंका आली तर कान तपासून घे.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलीय. गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून माटोळी बांधतात, तिचं सामान आणायला लेकीला सोबत ने. तोरिंग हातात दे, वास घेऊ दे. आंबाडे, चिबूड, कांगलां, घागऱ्यो, नारळ, सुपारी. यातली निम्मी नावं तुलाही नवी असतील, तर तिच्यासमोरच सासूबाईंना विचार. आई विचारते आणि आजी सांगते हे तिनं बघू दे. माटोळी बांधून झाली की तिला कडेवर घेऊन खाली उभी राहा आणि तिला बोट दाखवू दे. पहिलं नाव कुठल्या फळाचं घेतलं, ते मला कळव.

तुझी ताई